कासव दिसलं की कूर्मावतार?

'अमेरिकेतले इरोक्वॉय आदिवासी मूळचे वैदिकच' असं सांगणारा एक मजकूर मराठी गटांमधून पुन्हा पुन्हा फिरतो. पुरावे असे: त्यांची पृथ्वी कासवाच्या पाठीवर आहे, ते अग्नीत आहुती देतात, निसर्गाची पूजा करतात आणि हिवाळ्यात त्यांचीही संक्रांत असते. शेवटी हळहळ, की हजारो वर्षं जसाच्या तसा टिकलेला हा धर्म गोऱ्यांनी पुसून टाकला. सोबत एका लाकडी मुखवट्याचा फोटो.

कासवापासून सुरुवात करू. त्यांच्या कथेत वरच्या लोकातून एक गरोदर स्त्री खाली पडते. खाली नुसतं पाणी. पक्षी तिला पंखांवर झेलतात, कासव पाठ देतं, आणि एक पाणउंदीर तळाशी बुडी मारून चिमूटभर चिखल आणतो. कासवाच्या पाठीवर तो चिखल वाढत जातो, त्याची जमीन होते. आपला कूर्म समुद्रमंथनात मंदार पर्वताखाली बसला, तो अमृतासाठी. पाण्यातून पृथ्वी वर आणणारा आपल्याकडे वराह, आणि ती पेलणारा शेष. म्हणजे जुळवायचंच होतं तर निदान अवतार तरी नीट निवडायचा! शिवाय बुडी मारून चिखल आणण्याची कथा सायबेरियापासून उत्तर अमेरिकेपर्यंत कितीतरी लोकांत सापडते.

आहुती म्हणजे तंबाखू. तिचा धूर आपले शब्द वर नेतो, अशी श्रद्धा. इथे तूप नाही, समिधा नाहीत. तंबाखू मुळात अमेरिकेतलीच, आपल्याकडे ती पोर्तुगीजांमुळे आली.

निसर्गपूजेचं म्हणाल, तर प्रत्येक समारंभाआधी ते जे म्हणतात त्याला मोहॉक या त्यांच्यातल्याच एका जमातीच्या भाषेत 'सगळ्याआधीचे शब्द' अशा अर्थाचं नाव आहे. माणसं, धरणी, पाणी, मासे, वनस्पती, प्राणी, वारे, मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारे असं चढत चढत शेवटी निर्मात्यापर्यंत जातात. प्रत्येकाचे आभार मानायचे आणि म्हणायचं, आता आपली मनं एक झाली. मागणं काहीच नाही. नवस बोलायची सवय असलेल्या आपल्याला हे जरा अवघडच.

हिवाळ्यातला सण सूर्याच्या संक्रमणावर ठरत नाही. परंपरेने कृत्तिका डोक्यावर आल्यानंतरची अमावास्या धरून पाच दिवस मोजतात. मग चुलीतली राख ढवळणं, एकमेकांची स्वप्नं ओळखणं, पीचच्या सहा बियांचा वाडग्यातला खेळ. पूर्वी पांढरा कुत्राही अर्पण करत. हे मजकुरात अर्थातच नाही.

आता 'जसाच्या तसा' आणि 'पुसला गेला'. दोन्ही चूक. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने त्यांची सुमारे ४० गावं आणि उभी मक्याची शेतं जाळली. जमिनी गेल्या, दारू आली. इरोक्वॉयांपैकीच सेनेका जमातीतला 'हँडसम लेक' नावाचा माणूस त्या दारूनेच अंथरुणाला खिळला होता. १७९९ च्या जूनमध्ये त्याला दृष्टान्त झाला. त्याने सांगितलेली 'गाइविओ', म्हणजे चांगली वार्ता, दारू आणि चेटूक सोडायला सांगते. पुरुषांनी नांगर धरावा असंही सांगते, आणि शेती तर तोवर बायकांचं काम! त्या काळात गावात क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी राहत होते, त्यामुळे यात ख्रिस्ती छटा किती यावर अभ्यासक अजून वाद घालतात. जुने सण मात्र त्याने ठेवले. तो १८१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोंडागा इथे वारला. ती वार्ता आजही 'लाँगहाउस' या सभागृहात काही दिवस चालणाऱ्या पठणातून सांगितली जाते, न्यूयॉर्क राज्यात आणि कॅनडातल्या ग्रँड रिव्हरलाही. तिथलेच पुष्कळ लोक ख्रिस्ती आहेत. मोहॉक मुलगी कातेरी तेकाक्विथा हिला २०१२ मध्ये व्हॅटिकनने संत ठरवलं.

राहिला तो फोटो. हे मुखवटे जिवंत झाडाच्या खोडावर कोरतात आणि रोग्यावर उपचार करणारी एक मंडळी ते वापरते. त्यांना ते सजीव वाटतात, तंबाखू वाहिली जाते. ते विकू नयेत, प्रदर्शनात मांडू नयेत, त्यांची छायाचित्रं दाखवू नयेत, असं त्यांच्या महासभेने जाहीरपणे सांगितलेलं आहे. मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर निदान फोटो तेवढा काढून टाका.