तिचं नाव काय म्हणालास?

आमच्या घरी सिनेमा बघायचा म्हटलं की माणसं जमवावी लागत नाहीत, ती जमतात. टीव्हीचा आवाज कानावर पडला की आई जपमाळ घेऊन दिवाणावर येऊन बसते. बायको निवडायची मेथी परातीसकट बाहेर आणते. शेजारचे काका "आजचा पेपर जरा बघू" म्हणून दारात येतात आणि थेट माझ्या खुर्चीत बसतात. काकांच्या आणि आमच्या घरामध्ये एक भिंत आहे, असं निदान बिल्डरच्या नकाशात तरी दाखवलंय. पण त्यांच्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आम्ही आमचा गॅस बंद केल्याचं एकदा घडलेलं आहे.

लेक सुट्टीला आली होती. रविवारी संध्याकाळी तिने जाहीर केलं, "आज सगळ्यांनी 'किमी नो ना वा' बघायचा. जपानी आहे."

"म्हणजे काय?" आई.

"तुझं नाव."

"माझं काय आता नाव?"

"अगं आजी, सिनेमाचं नाव 'तुझं नाव' असं आहे."

हा खुलासा इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण काकांनी विचारलं, "कार्टून आहे का?" लेक म्हणाली, "कार्टून नाही, ॲनिमे." काका म्हणाले, "चित्रंच हलतात ना? मग तेच." लेकीने त्यांना सुनावलं की २०१६ साली आलेल्या, दिग्दर्शक माकोतो शिंकाईच्या या चित्रांनी एकट्या जपानात २,५०० कोटी येनचा धंदा केला होता. काकांनी लगेच मोबाइल काढून येनचा भाव बघायला घेतला आणि सुरुवातीचा धूमकेतू त्यांचा तिथेच हुकला.

खरी अडचण वेगळी होती. बोलणं जपानीत, खालच्या ओळी इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नाही असं नाही, पण तिची एक ओळ वाचून होईतो पात्रं दुसऱ्या गावाला पोचलेली असतात. "तू सांगत जा रे," ती मला म्हणाली. लेक म्हणाली, "हो बाबा, तू सांग. मला मूळ आवाज ऐकायचेत." बायकोने मेथीतून मान वर न करता दुजोरा दिला. अशा रीतीने माझी बिनपगारी दुभाषी म्हणून नेमणूक झाली. त्या संध्याकाळी मी सिनेमा बघितला नाही, वाचला. तोही मोठ्याने.

गोष्ट तशी एका वाक्यात सांगता येते असा माझा समज होता. तोक्योत राहणारा ताकी नावाचा मुलगा आणि डोंगरातल्या इतोमोरी गावात राहणारी मित्सुहा नावाची मुलगी अधूनमधून सकाळी उठतात ते एकमेकांच्या शरीरात.

"अंगात येतं म्हण की," आई म्हणाली.

"हां, तसंच साधारण."

"कुणाच्या?"

"एकमेकांच्या."

"दोघांच्या एकदम? मग घुमतं कोण?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शिंकाईंकडेही असेल असं वाटत नाही.

तेवढ्यात नावांचा घोळ झाला. मित्सुहाच्या आजीचं नाव हितोहा, आईचं फुताबा, धाकट्या बहिणीचं योत्सुहा. लेक कौतुकाने म्हणाली की ही नावं आकड्यांवरून आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. "म्हणजे एकी, दुकी, तिकी आणि चौकी," आईने एका दमात हिशोब लावला. "बरं झालं, आता लक्षात राहतील." राहिली की! त्या क्षणापासून नायक ताकी आणि नायिका तिकी. सबंध सिनेमाचं कोडंच मुळी कोण कोणाच्या शरीरात आहे हे, आणि मी आईला सांगतोय, "आता ही दिसतेय ती तिकी, पण आत ताकी आहे. तिकडे ताकी दिसतोय, पण ती तिकी." काका म्हणाले, "तुम्ही सांगू नका हो, जास्त गोंधळ होतोय."

आणखी एक गोष्ट लेकीने आधी सांगायला हवी होती. मुलीच्या शरीरात जागा झालेला मुलगा सर्वात आधी काय तपासून बघतो, हे शिंकाईंनी अगदी मोकळेपणाने दाखवलंय. एकदा नव्हे, वारंवार. धाकटी बहीण दार उघडते, ताईकडे बघत राहते आणि ही वेडी झाली असं ठरवून निघून जाते. आमच्या हॉलमध्ये त्या वेळी पसरलेली शांतता मी काय वर्णावी. बायकोला एकाएकी मेथीच्या एका काडीत फार रस निर्माण झाला. काका पंख्याकडे बघून म्हणाले, "कपॅसिटर गेलाय तुमचा." मी रिमोट शोधत होतो, तो काकांच्या बुडाखाली. आई म्हणाली, "आता काय म्हणाला तो?"

"काही नाही गं. उठला."

"एवढा वेळ?"

बायकोचं मत या अदलाबदलीबद्दल फार व्यवहारी होतं. तिकी ताकीच्या अंगात असताना त्याच्या पैशांनी मैत्रिणींच्या घोळक्यात असल्यासारखी कॅफेत गोडधोड खाते आणि हा बिचारा हॉटेलात राबून तो खड्डा भरतो. बायको म्हणाली, "अगदी बरोबर केलं तिने." मी सहज विचारलं, तुला मिळाली संधी तर येशील का माझ्या अंगात? तिने क्षणभर विचार करून सांगितलं, "नको. तुझी पाठ दुखते."

पण खरा भडका उडाला तो देवळात. मित्सुहा आणि तिची बहीण पूजेसाठी नटून बसतात, शिजलेला भात तोंडात घालून चावतात आणि एका छोट्या लाकडी पेटीत थुंकतात. तो आंबवून त्याची दारू होते, कुचिकामिझाके, आणि ती देवाला अर्पण करायची. मी हे सगळं मवाळ करून सांगायचा विचार केला होता, पण डोळ्यांना भाषांतर लागत नाही.

"शीऽऽ! उष्टं?" आईची जपमाळ थांबली. "देवाला?"

"आई, पूर्वी खरंच असं करायचे तिकडे. लाळेने भातातल्या पिठाची साखर होते, मग ते आंबतं," मी शास्त्रीय बाजू मांडली.

"आंबणारच. थुंकलेलं आंबेल नाही तर काय?"

बायको मदतीला आली. "आई, शबरीनेही बोरं चाखूनच दिली होती ना?"

"चाखली होती. चावून थुंकली नव्हती."

यावर रामायणाच्या पाचशे पारायणांतही कोणाला उत्तर सापडणार नाही. पुढे धाकटी बहीण सुचवते की ही दारू ताईच्या फोटोसकट विकूया, तोक्योला जायचे पैसे निघतील, आणि मोठी ओरडते की ते मद्य कराच्या कायद्यात बसत नाही. इथे मात्र काका, ज्यांनी उभी हयात सरकारी टेलिफोन खात्यात काढली, पहिल्यांदा समाधानाने हलले. "पोरगी हुशार आहे. नियम माहीत आहेत."

काकांचं समाधान अल्पजीवी ठरलं. मध्यंतराच्या सुमारास कळतं की दोघांच्या काळात तीन वर्षांचं अंतर आहे. तो २०१६ मध्ये, ती २०१३ मध्ये, आणि धूमकेतूचा तुकडा पडून इतोमोरी गाव कधीच नाहीसं झालंय. लेकीचे डोळे भरून आले होते. काका म्हणाले, "पॉज कर."

"का?"

"एकमेकांच्या मोबाइलमध्ये रोजची डायरी लिहितात ना ही दोघं? मग वर तारीख दिसत नाही? साल दिसत नाही? भिंतीवर कॅलेंडर नाही? त्याने तिला फोन लावला तेव्हा नंबर अस्तित्वात नाही असं सांगायला हवं होतं, ते का नाही सांगितलं?"

लेक म्हणाली, "काका, स्वप्नासारखं असतं ते. जागं झाल्यावर तपशील पुसला जातो."

"स्वप्नात बॅटरी किती टक्के हे दिसतं, मग साल का नाही?"

खरं सांगू? मुद्दा बिनतोड आहे. जगभरातल्या प्रेक्षकांनी याच तारखेवरून वाद घातलेत, हे लेकीने नंतर मला खासगीत कबूल केलं. काकांसमोर मात्र तिने वेगळीच माहिती पुढे केली. सिनेमा तुफान चालत असताना खुद्द शिंकाईच म्हणून बसले होते की हा मला अपुरा वाटतो, आता आणखी लोकांनी बघू नये. काका म्हणाले, "सज्जन माणूस दिसतोय. आपण उशिरा ऐकलं."

मग लाल दोरा आला. मित्सुहाच्या केसांत विणलेली लाल दोरी असते, ती ती आगगाडीत ताकीच्या हातात देते आणि तो पुढची तीन वर्षं मनगटाला बांधून फिरतो. जपानी लोकांत नशिबाने जोडलेल्या दोन माणसांना लाल धाग्याने बांधलेलं असतं अशी समजूत आहे. हे मी फार रंगून सांगितलं. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मुलीने मुलाच्या मनगटाला लाल दोरा. म्हणजे राखी ना? मग हे बहीणभाऊ झाले." बायको इतकी हसली की निवडलेली आणि न निवडलेली मेथी एक झाली.

एका ठिकाणी मात्र मला तोंड उघडावं लागलं नाही. डोंगराच्या माथ्यावर, सूर्य बुडाल्यावर आणि अंधार पडण्याआधी, दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात. त्या वेळेला त्यांच्या गावच्या बोलीत एक शब्द आहे. ताकी आणि मित्सुहा दोघंही तो एकदमच उच्चारतात, "कातावारे-दोकी." मी सांगायला श्वास घेतला, तोवर आई म्हणाली, "कातरवेळ."

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"कातरवेळच म्हणाली ना ती? तिन्हीसांजा. या वेळी कोण भेटेल सांगता येत नाही. म्हणून तर दिवेलागणीला उंबऱ्यात बसू देत नव्हते आम्हाला." लेकीने पुन्हा मागे नेऊन ऐकवलं. शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही हे तिलाही ठाऊक, मलाही. पण त्यांच्या बाईंनी वर्गात शिकवलेला त्या वेळेसाठीचा दुसरा जुना शब्द 'ती व्यक्ती कोण' या प्रश्नातूनच आलेला आहे, हे सांगितल्यावर आईने "मग मी काय म्हणतेय" असा चेहरा केला.

त्यानंतर गावाला वाचवायची धावपळ सुरू होते. पोरं लाउडस्पीकरवरून ओरडतात, पळा, डोंगराकडे जा. जत्रेतले लोक आकाशाकडे बघत उभे. कोणी हलत नाही. मित्सुहाचा बाप गावचा प्रमुख, तो पोरीलाच वेड्यात काढतो. मी भाषांतर करत होतो, पण "मग?" असा प्रश्न येईना. वळून बघितलं तर आईची माळ मांडीवर पडलेली.

"तसंच असतं," ती म्हणाली. "पानशेतच्या वेळी मी तेरा-चौदा वर्षांची होते. बारा जुलै. सकाळी एकजण सायकलवरून ओरडत गेला, धरण फुटलं, धरण फुटलं. वाड्यातल्या मोठ्यांनी ठरवलं, अफवा आहे. आमचे अण्णा तर लकडी पुलावर पाणी बघायला निघाले होते, आईने चप्पल लपवून ठेवली म्हणून राहिले. दुपारी पाणी आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीला होतं. मी मोजत होते."

लेकीने पॉज केलं नव्हतं, तरी कोणी पडद्याकडे बघत नव्हतं. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली की २०११ च्या त्सुनामीनंतर शिंकाई त्या किनाऱ्यावर युरिआगे नावाच्या गावी गेले होते, हे आपलंही गाव असू शकलं असतं असं त्यांना वाटलं, त्यातून ही गोष्ट सुचली. आई म्हणाली, "मग त्याला माहितीय." पुढे सबंध सिनेमाभर त्या दिग्दर्शकाबद्दल तिने वावगा शब्द काढला नाही. भाताचं मात्र माफ केलेलं नाही.

शेवट. वर्षं लोटलीत, दोघं एकमेकांची नावं विसरलीत, आपण काहीतरी शोधतोय एवढंच आठवतं. तोक्योतला एक जिना. योत्सुयाच्या सुगा देवळाजवळ तो खरोखर आहे आणि जगभरातली पोरं तिथे जाऊन फोटो काढतात. हा वर चढतोय, ती खाली उतरतेय. न बोलता एकमेकांना ओलांडून जातात. मग वळतात. दोघंही रडत एकदम विचारतात, तुझं नाव...

आणि संपला.

"अरे? सांगितलं का नाही?" आई.

"लग्न झालं की नाही यांचं?" काका खुर्चीतून उठलेच. लेक म्हणाली की शिंकाईंच्या २०१९ च्या सिनेमात मित्सुहा क्षणभर दुकानात काम करताना दिसते, छातीवर नावाची पट्टी असते आणि तिच्यावर आडनाव माहेरचंच आहे. जपानात नवराबायकोचं आडनाव कायद्याने एकच लागतं. काका म्हणाले, "म्हणजे तोपर्यंत तरी नाही. हा पुरावा मला मान्य."

१०७ मिनिटांचा सिनेमा आम्ही सव्वातीन तासांत संपवला होता. माझा घसा बसला होता. लेक आजीच्या मांडीवर डोकं टेकून पडली आणि म्हणाली, "आजी, तुझं लग्नाआधीचं नाव काय गं? लग्नात बदलतात ना?"

आईने सांगितलं. तीन अक्षरी, हलकंसं, पावसाळ्यात शोभेल असं नाव. मी तिचा मुलगा, वय वर्षं त्रेपन्न, मी ते पहिल्यांदा ऐकत होतो.

"आई, कधी बोलला नाहीत," बायको म्हणाली.

"कुणी विचारलं होतं?"

काका दारात चपला घालत होते. "आमच्या हिचंही बदललं होतं," ते म्हणाले. "आधी काहीतरी... व वरून होतं. की म?" मग एक चपल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत थोडा वेळ उभे राहिले आणि पेपर न घेताच घरी गेले.

पाचेक मिनिटांनी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. "अगं ए, तुझं नाव काय होतं गं?"

टीव्ही बंद करून आम्ही चौघंही भिंतीकडे कान लावून बसलो. पलीकडून काकू काहीतरी म्हणाल्या, पण नेमकी तेव्हाच त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.