भोर घाट रेल्वे सहल : गेल्या रविवारच्या एक स्टारच्या अभिप्रायाला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय सोमवारी रात्री वाचला. मंगळवारी पुन्हा वाचला, घरच्यांना वाचून दाखवला आणि आज उत्तर लिहायला बसलोय. तुमचा रविवार आमच्यामुळे वाया गेला असं तुम्हाला वाटलं, हे मनाला लागलं. खंडाळ्यात जेवण पाऊण तास उशिरा आलं आणि भाकऱ्या गार होत्या, हे खरं आहे. त्याबद्दल तुमची, मॅडमची आणि मुलाची मनापासून माफी मागतो. ज्यांच्याकडून जेवण घेतो त्या मावशींशी बोललो आहे. फरक दिसेल.

वाफेचं इंजिन दिसलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. सर, घाटात विजेची इंजिनं येऊन नव्वद वर्षं उलटून गेली. आमच्या माहितीपत्रकात वाफेचं इंजिन दाखवू असं कुठेही लिहिलेलं नाही. 1,200 रुपयांत तिकीट, नाश्ता, जेवण आणि गाईड येतो. लहान मुलाचे निम्मेच घेतो, तुमच्याकडूनही निम्मेच घेतले. त्यावर आणखी बोलत नाही.

पण एक वाक्य मला गिळता येत नाही. तुम्ही लिहिलंय, ‘कर्जत स्टेशनवर पाऊण तास इंग्लंडच्या गोष्टी सांगून टाइमपास केला. आम्ही भोर घाट बघायला आलो होतो, इंग्रजांचं कौतुक ऐकायला नाही. डब्याचं मॉडेलही चुकीचं, 25 नळ्या सांगतात आणि आहेत 24.’ (डबा म्हणजे वाफ तयार करणाऱ्या बॉयलरचं मी केलेलं मॉडेल, त्याचं पुढे सांगतो.)

आधी वेळेचं सांगतो. सगळ्यांना सकाळी आठ वाजता कर्जतच्या फलाटावर बोलावलं होतं. मेसेज आदल्या रात्री गेला, तुमचा ‘ओके’ही आला. आठ वाजता बाकीचे अकरा जण हजर होते. आमच्या मुलानं तुम्हाला तीन फोन केले, तिसरा तुम्ही उचललात आणि म्हणालात, ‘पाच मिनिटांत पोचतो.’ तुम्ही आलात आठ पस्तीसला. तोवर ठरलेली गाडी मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन जोडून घाट चढायला निघून गेली होती. रस्त्यावर गर्दी असते, मला मान्य आहे. तुम्हाला सोडून जायचं नाही हा निर्णय माझा होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. मुलाला घेऊन आलेलं कुटुंब फलाटावर एकटं सोडून मी गेलो नसतो. पण पुढची गाडी येईपर्यंतचा वेळ ‘टाइमपास’ या नावानं माझ्या खात्यावर टाकू नका. एरवी हेच सगळं मी पंचवीस मिनिटांत सांगतो. त्या दिवशी ते लांबलं ते का, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता इंग्लंडच्या गोष्टींविषयी. माझे वडील दौंडच्या शेडमध्ये फायरमन होते, वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात भाजल्याच्या डागांनी भरलेला होता. पावसात रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरायची, मग चाकापुढे वाळू सोडावी लागायची, हे त्यांनी मला मी दुसरीत असताना सांगितलं. म्हणून मी घाटाची गोष्ट घाटापासून सुरू करत नाही. लोखंडाचं गुळगुळीत चाक लोखंडाच्या गुळगुळीत रुळावर चढतंच कसं, इथून सुरू करतो. हा प्रश्न ज्यांनी सोडवला ती माणसं कॉर्नवॉल, वेल्स आणि न्यूकॅसलच्या आसपासच्या कोळशाच्या खाणींतली होती. त्यांना वगळून भोर घाट सांगायला मला जमत नाही.

तुमच्या मुलानं फलाटावर विचारलं होतं, ‘इंजिन स्टीफन्सननं शोधलं ना?’ मी नाही म्हणालो, तेव्हा तुम्ही म्हणालात की पुस्तकात तसंच आहे. सर, मी मुलाला चुकीचं शिकवलं नाही. वेल्समधल्या पेनिडॅरन इथे 21 फेब्रुवारी 1804 रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकनं दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं बसवून नऊ मैलांवर इंजिन चालवलं. चार तास पाच मिनिटं लागली. कारखान्याच्या मालकानं त्यावर 500 गिनीची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, पैज लावली होती. तेव्हा जॉर्ज स्टीफन्सन तेवीस वर्षांचाही नव्हता. मग ट्रेव्हिथिकचं नाव मागे का पडलं? इंजिनात खोट नव्हती, पण त्याच्या वजनाखाली बिडाचे रूळ तडकले. इंजिन तयार होतं, रस्ता तयार नव्हता. हे वाक्य मी दर रविवारी सांगतो आणि सांगताना दर वेळी मला त्या माणसाचं वाईट वाटतं. 1833 साली तो गेला तेव्हा त्याच्याकडे पैसा उरलेला नव्हता.

स्टीफन्सनला मी कमी लेखत नाही. खाणीत काम करणाऱ्या माणसाचा हा मुलगा अठराव्या वर्षी रात्रीच्या शाळेत लिहा-वाचायला शिकला. हे ऐकून तुमचा मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता, तुमच्या लक्षात असेल. 1814 मध्ये त्यानं किलिंगवर्थच्या खाणीवर आपलं पहिलं इंजिन चालवलं. त्याआधी 1812 मध्ये लीड्सला ब्लेंकिन्सॉप आणि मरे यांनी चाक घसरेल या भीतीनं रुळाच्या कडेला दाते बसवले होते. दात्यांची गरज नाही, वजन नीट पेललं तर गुळगुळीत चाकही धरतं, हे वायलमच्या खाणीवर हेडलीनं दाखवून दिलं. त्याच वायलममध्ये स्टीफन्सन जन्मला. आणि मला सगळ्यात भावतं ते असं : बिडाच्या रुळाच्या एका पेटंटात स्टीफन्सनची स्वतःची भागी होती. तरीही इंग्लंडमधल्या स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वेमार्गाच्या कामाला त्यानं दुसऱ्याच्या, म्हणजे बर्किनशॉच्या पेटंटाच्या घडीव लोखंडाच्या रुळांची शिफारस केली, कारण ते तुटत नव्हते. स्वतःचे पैसे बुडवून माणूस असं सांगतो, त्याला मी कौतुक म्हणतो आणि ते करताना मला संकोच वाटत नाही. तो मार्ग 27 सप्टेंबर 1825 ला सुरू झाला.

आता डबा. तो गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा आहे. एका बाजूनं कापून त्यात भंगारातल्या एसीच्या तांब्याच्या नळ्यांचे तुकडे मी स्वतः बसवले. त्यामागची गोष्ट अशी : ऑक्टोबर 1829 मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलला इंजिनांची चाचणी झाली. बक्षीस 500 पौंडांचं होतं, ते ‘रॉकेट’नं जिंकलं. ते इंजिन जॉर्जचा मुलगा रॉबर्ट याच्या कारखान्यात तयार झालं होतं. त्याच्या बॉयलरमध्ये आग जायला एकच मोठी नळी न ठेवता तीन इंची तांब्याच्या 25 नळ्या घातल्या होत्या. ती कल्पना लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे कंपनीचा खजिनदार हेन्री बूथ याची. एका पातेल्याखाली जाळ लावला तर पाणी उकळायला किती वेळ लागतो, आणि तोच जाळ पाण्यातून पंचवीस नळ्यांनी फिरवला तर काय होईल, एवढंच तो डबा दाखवतो. पुढे जगभरची वाफेची इंजिनं, माझे वडील ज्यात कोळसा टाकायचे तीसुद्धा, याच तत्त्वावर चालली.

तुमच्या मुलानं चोवीस मोजल्या आणि ते बरोबर होतं. त्या सकाळी खालच्या ओळीतल्या एका नळीचा डाख सुटला होता आणि ती डब्यातून निसटली होती. मी पाहिलं नाही, ही माझी चूक. पण ‘मॉडेल चुकीचं’ असं तुम्ही लिहिलंत, त्यानं फार लागलं. सहा रविवार घरी बसून मी तो डबा केला आहे.

याच रॉबर्ट स्टीफन्सनला आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं सल्लागार नेमलं होतं, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कले 1850 मध्ये मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईत आला. देशातली पहिली प्रवासी गाडी, बोरीबंदर ते ठाणे, 16 एप्रिल 1853, 400 पाहुणे, 14 डबे आणि 21 तोफांची सलामी, हे सगळ्यांना पाठ असतं. कंपनीच्या उभारणीत नाना शंकरशेट होते, हेही मी सांगतो. पण बर्कलेचं खरं काम आमच्या घरामागच्या डोंगरात आहे. जवळपास पंचवीस किलोमीटरमध्ये 1,831 फूट चढ, 25 बोगदे, सगळ्यात तीव्र चढ 37 ला 1. म्हणजे 37 पावलं पुढे गेलं की एक पाऊल वर. एका ठिकाणी वळायला जागाच नव्हती. तिथे गाडी कड्याच्या टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलटी निघून वर चढायची. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 पर्यंत चालू होतं. घाट 1863 मध्ये खुला झाला. बर्कले तब्येत बिघडून मायदेशी परतला होता आणि 1862 मध्येच गेला. आपण बांधलेल्या घाटातून गाडी चढताना त्यानं पाहिली नाही.

इंग्रजांचंच कौतुक करतो म्हणालात. सर, कर्जतला मी पहिला भाग सांगतो. दुसरा भाग खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर असतो, जिथून समोर घाटातली लाइन दिसते. 1861 मध्ये या कामावर 42,000 हून जास्त माणसं होती. पटकी आणि तापानं किती जण गेले, कड्यावर दोराला बांधून सुरुंगाची भोकं कशी पाडली, ते तिथेच सांगतो, कारण ते कडे समोर दिसत असताना सांगितलं तरच कळतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आल्यावर काही आठवड्यांतच गेला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही, तेही तिथेच. जेवणाला उशीर झाला म्हणून तुम्ही वैतागला होतात, ते मी समजू शकतो. पण तुम्ही पॉइंटवर आला नाहीत. चिक्की घ्यायला बाजारात गेलात आणि तिथूनच परतलात. मजुरांचा भाग चुकला तो त्यामुळे. बाकीचे अकरा जण तासभर उभे राहून ऐकत होते.

हे सगळं लिहावं लागलं, कारण तुमच्या अभिप्रायानंतर एका शाळेच्या बाईंचा फोन आला. ऑगस्टमध्ये त्या चाळीस मुलं आणणार होत्या. त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे नुसत्या इंग्लंडच्या गोष्टी असतात का?’ अजून होकार आलेला नाही. आमचे पावसाळ्याचे चार महिनेच कमाईचे, त्यावर दोन घरं चालतात. एका स्टारचं वजन आम्हाला कळतं.

तरी सूचना घेतल्या आहेत. कर्जतचा भाग थोडा आटोपशीर करायचा प्रयत्न करतो. मजुरांविषयी काही सुरुवातीलाच सांगता येईल का, ते बघतो. उशीर झाला तर काय करायचं, याचाही नियम लवकरच ठरवून मेसेजमध्ये टाकू. जेवणाचं वर सांगितलंच.

पंचविसावी नळी माझ्या पिशवीच्या तळाशी सापडली, खोबऱ्याच्या वड्यांच्या डब्याखाली. परवा डाख देऊन जागेवर बसवली. तुमच्या मुलानं मोजून चूक काढली, म्हणून त्या नळीशेजारी मी खिळ्यानं बारीक ‘24’ कोरून ठेवलाय. तो पुन्हा आला तर त्याचे पैसे घेणार नाही. आठ वाजता, कर्जत, पुण्याच्या बाजूचा फलाट.

आपला,
भोर घाट रेल्वे सहल, कर्जत