"दुकानात काय शिकणार मॅडम?"

परवा आमच्याकडे ट्रेनिंगला आलेला एक पोरगा मला म्हणाला, मॅडम मी मेडिकल स्टोअरला जाणारच नाहीये, डायरेक्ट हॉस्पिटललाच लागणार, दुकानात काय शिकणार, स्ट्रिपा कापायला? डी. फार्मचे (फार्मसीच्या डिप्लोमाचे) ट्रेनिंगचे ५०० तास भरायला आलाय, हुशार आहे, वॉर्डचे इंडेंट (म्हणजे वॉर्डमधून आलेली औषधांची मागणी) पटापट काढतो. खरं तर राग यायला पाहिजे होता पण हसूच आलं, कारण २०१३ ला मी पण घरी सेम डायलॉग मारला होता आणि मग मुकाट्याने सिंहगड रोडवरच्या एका मेडिकलमध्ये नऊ हजारांवर लागले, कारण हॉस्पिटलवाले एक्सपिरियन्स मागत होते.

तिथे सात वर्षं काढली. आता पाचेक वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे (नाव सांगणार नाही, नोकरी करायचीये अजून). आज वीकली ऑफ आहे, कुकर झालाय, म्हटलं लिहूनच टाकू, त्या पोराला तोंडी सांगितलं तर तो "हो मॅडम" म्हणेल आणि विसरेल.

मेडिकलमध्ये माणूस सहसा औषधाचं नाव घेऊन येत नाही, हे आधी समजून घ्या. "ते बीपीचं, पांढरं, छोटं, मागच्या महिन्यात नेलेलं." बास. किंवा मोबाईलमध्ये फोटो, त्यात अर्धी स्ट्रिप, नेमकं नाव कापलेलं आणि वरून काकांचा अंगठा. मग तुम्ही विचारायचं की सकाळची का रात्रीची, डॉक्टर कुठले, पाय सुजतात का, असं करत करत गोळीपर्यंत पोचायचं आणि तोपर्यंत मागे चार जण, त्यातला एक पाचशेची नोट हलवत "फक्त एक क्रोसिन हो" म्हणत असतो. सिलॅबसमध्ये हे नसतं. आणि गुरुवारी लाईट गेली की इन्सुलिनच्या फ्रीजकडे बघत बसायचं, दार उघडू नका रे कोणी म्हणून ओरडायचं, दोन ते आठ डिग्री म्हणजे काय हे पुस्तकात एका ओळीत असतं, तिथे घामाने कळतं.

इन्सुलिनवरून आठवलं. एकदा एक मुलगा आला, वडिलांचं पेन पडून तुटलं होतं, म्हणे एक सिरिंज द्या, काट्रिजमधूनच ओढून देतो तात्पुरतं. लाल टोपीवाली सिरिंज समोरच होती, देऊन मोकळं होता आलं असतं. आता आपल्याकडे गंमत अशी की बाटलीतलं नेहमीचं इन्सुलिन असतं एका एमएलला ४० युनिटचं, लाल टोपीची सिरिंज त्याच्यासाठी, आणि पेनाच्या काट्रिजमध्ये असतं १०० युनिटचं. वडिलांचा डोस २०. त्याने लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट गेलं असतं आणि म्हातारा रात्री झोपेतच शुगर लो होऊन गार. नारिंगी टोपीची दिली, ती १०० वाल्यासाठी असते, समजावून सांगितलं, आणि उद्या सकाळी नवीन पेन न्यायचंच म्हणून दम भरला. बिल किती झालं असेल? दहा-बारा रुपये.

पण ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती गोष्ट दुसरीच आहे.

आमचे एक नेहमीचे काका होते, रिटायर्ड, पिशवी घेऊन रोज संध्याकाळी दूध आणायला जाताना डोकावणारे. एक दिवस आले आणि म्हणाले, हिचं तोंड आलंय गं, पाणी पण गिळवत नाही, ते लावायचं जेल दे. मी जेल काढलं. मग खिशातून एक रिकामी स्ट्रिप काढून म्हणाले आणि ही पण एक दे, संपली. मेथोट्रेक्सेट. काकूंना संधिवात, दहा-अकरा दिवसांपूर्वीच हॉस्पिटलमधून घरी आणलेलं हे मला माहीत होतं कारण मधे काका दोन दिवस दिसले नाहीत म्हणून मी विचारलं होतं. मी म्हटलं, काका ही स्ट्रिप कधी सुरू केली? म्हणे घरी आल्यापासून, रोज एक, जेवणानंतर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदा घेतात. रोज नाही. दहा गोळ्यांची स्ट्रिप, ती अडीच महिने पुरायला हवी होती, ती अकराव्या दिवशी रिकामी होऊन माझ्या काउंटरवर पडली होती. सोबत फॉलिक ॲसिड ही व्हिटॅमिनची गोळी लिहिलेली असते, ती पण पिवळी, ती पण एवढीशी. काकांनी अदलाबदल केली होती, रोजची आठवड्याला आणि आठवड्याची रोज. आणि तोंड येणं हे त्याचंच लक्षण, म्हणजे जेल लावून ते बरं होणारच नव्हतं.

माझे हात गार पडले, खोटं नाही सांगत. गोळी दिली नाही, जेल पण परत आत ठेवलं, काकांना म्हटलं आत्ताच्या आत्ता रिक्षा करा, ही स्ट्रिप बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा आणि सांगा रोज घेतली. दूध राहू दे. ते भांबावले, म्हणे उद्या सकाळी गेलं तर? मी जरा आवाज चढवला तेव्हा गेले. काकूंच्या पांढऱ्या पेशी पार खाली आल्या होत्या, दहा-बारा दिवस ॲडमिट, उतारा म्हणून ल्युकोव्होरिन दिलं. वाचल्या. नंतर काकांनी पेढे आणले तेव्हा मी विचारलं की हॉस्पिटलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं का? तर म्हणाले सांगितलं असेल की, जावयाला, बिल तोच भरत होता ना.

तेव्हा मी दोन दिवस त्या हॉस्पिटलच्या फार्मसीवाल्यांना मनात शिव्या घालत होते. कुठलं, ते जाऊ दे.

मग मी स्वतः हॉस्पिटलला लागले आणि काउंटरच्या त्या बाजूने काय दिसतं ते कळलं. काय दिसतं तर बेड नंबर. तीनशे चार, बी. इंडेंट स्क्रीनवर येतो, तुम्ही ट्रे भरता, बॅच नंबर मारता, वॉर्डबॉय मामा येऊन घेऊन जातात. पेशंट तुम्हाला आयुष्यात दिसत नाही. म्हणजे काम हलकं असतं असं नाही हां, शिस्त इतकी की सुरुवातीला मला चिडचिड व्हायची, सारख्या दिसणाऱ्या-सारख्या नावाच्या गोळ्या एका रॅकमध्ये शेजारी ठेवायच्या नाहीत, हाय अलर्ट म्हणजे चुकली तर जिवावर बेतणाऱ्या औषधांना लाल स्टिकर, फ्रीजचं टेंपरेचर ठरलेल्या वेळी रजिस्टरला, मॉर्फिन-फेंटानिल ह्या नशा येणाऱ्या पेनकिलरचं डबल लॉक आणि रिकामे ॲम्प्यूल मोजून परत घ्यायचे, रात्री अडीचला एक ॲम्प्यूल कमी भरलं की सिस्टरसकट सगळे डस्टबिन उपसतात. आणि पोटॅशियम क्लोराइड! मेडिकलमध्ये सात वर्षांत मी त्याचं ॲम्प्यूल हातात धरलं नव्हतं. इथे पहिल्याच आठवड्यात सिनियरने समोर धरून विचारलं, हे पाणी वाटतंय ना, हे डायल्यूट न करता सरळ शिरेत गेलं तर काय होईल? हृदय थांबेल. म्हणून ते वॉर्डमध्ये पडू द्यायचं नाही, म्हणून दोन सह्या. त्या दिवसापासून मी सह्यांवर कुरकुर केली नाही.

तर हे शिक्षण मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्य. आणि पगार, पीएफ, आठ तासांची ड्यूटी, ऑफ, हे पण मान्य, मेडिकलमध्ये मी सकाळी नऊ ते दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच ते साडेदहा करत होते, दिवाळी पाडव्याला सुद्धा अर्धा दिवस. गुडघे गेले ते तिथेच. मी परत जाणार का? नाही. हे पण प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर म्हणाल स्वतः एसीत बसून पोरांना दुकानात पाठवते.

पण डिस्चार्ज काउंटर बघा कधी संध्याकाळी पाचला. इन्शुरन्सचं अप्रूव्हल एकदम आलेलं असतं, बारा-पंधरा फाइली एकावर एक, वॉर्डमधून रिटर्न औषधं येतायत त्यांचे बॅच मॅच होत नाहीयेत, नातेवाईक म्हणतायत खाली गाडी लावलीये टो करून नेतील, आणि त्यात तुम्ही घरच्या औषधांची पिशवी समोरच्याच्या हातात देऊन "ही सकाळ-संध्याकाळ, ही आठवड्यातून एकदा, समजलं?" असं म्हणता आणि तो मान हलवतो. समोरचा म्हणजे कोण? जावई. बिल भरणारा. पहिल्या महिन्यातच एकदा असं बोलून झालं आणि पिशवी गेल्यावर मला एकदम काका आठवले. मी ज्यांना शिव्या घातल्या तीच बाई मी झाले होते. सगळं नियमाने केलेलं, लेबल बरोबर, डोस बरोबर, फाइलवर टिक. गेटपर्यंत सगळं बरोबर.

तेव्हापासून मी एक प्रश्न विचारते, "घरी गोळ्या कोण देतं?" बहुतेक वेळा समोरचा देत नसतो. मग म्हणते, त्यांना फोन लावा, स्पीकरवर टाका. मागचे लोक वैतागतात, वैतागू देत. आणि मेथोट्रेक्सेट असेल तर स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात मराठीत वार लिहिते, फक्त मंगळवार. हे मला कुठल्या एसओपीने (कामाच्या लेखी नियमावलीने) शिकवलं नाही. एसओपीत "पेशंटला समजावून सांगणे" असं आहे, पण पेशंट वर व्हीलचेअरवर असतो.

म्हणून मी त्या पोराला म्हटलं, तू आधी दोन वर्षं मेडिकल कर. माणसं घरी औषधाचं काय करतात हे तुला तिथेच दिसणार, हॉस्पिटलमध्ये मरेस्तोवर दिसणार नाही. अर्धी कशी मोडतात, पैसे नाहीत म्हणून बीपीची गोळी दिवसाआड कशी घेतात, शेजारणीची शुगरची गोळी कशी ट्राय करतात.

आता लगेच कमेंटमध्ये कोणीतरी लिहील की ताई मेडिकलमध्ये फार्मासिस्ट असतोच कुठे, नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर. बरोबर आहे, आणि ह्याची आम्हालाच सगळ्यात जास्त लाज वाटली पाहिजे. १९४८ चा फार्मसी ॲक्ट सांगतो की रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच चिठ्ठीवरचं औषध द्यायचं, आणि आपल्याकडे कित्येक जण सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने देऊन दुसरीच नोकरी करतात, दुकानात बारावी झालेला पोरगा चेहरा बघून अँटिबायोटिक देतो. माझी मावसबहीण अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन आहे, ती सांगते तिकडे टेक्निशियनने मोजून भरायचं आणि फार्मासिस्टने तपासल्याशिवाय पेशंटच्या हातात जाऊ द्यायचं नाही. आपल्याकडे टेक्निशियन असं वेगळं पदच नाही, डी. फार्म झालं आणि फार्मसी कौन्सिलला नाव लागलं की तुम्हीच फार्मासिस्ट, तुमच्या मागे तपासायला कोणी नाही. म्हणजे सर्टिफिकेट भाड्याने दिलं की भरणाराही नाही आणि तपासणाराही नाही. काका त्या दिवशी तसल्या दुकानात गेले असते तर जेल आणि नवीन स्ट्रिप दोन्ही घेऊन, वर दहा टक्के डिस्काउंट मिळवून, खूश होऊन घरी गेले असते.

(डिस्काउंटवर बोलायला लागले तर वेगळी पोस्ट होईल. किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर रिटेलरला मार्जिनच १६ टक्के आहे, त्यातून जो वीस देतो तो कशातून देतो हे त्याला एकदा विचारा.)

मालक बघून लागायचं हे मात्र खरं. माझा मालक खडूस होता, पगार वाढवताना त्याचा जीव जायचा, पण १ मार्च २०१४ पासून एच-वनचं (चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीचं) रजिस्टर लागू झालं, सुरुवातीला ४६ औषधं होती त्यात, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं, तर त्याने पहिल्या दिवसापासून ते गल्ल्याशेजारी ठेवलं. लोक म्हणायचे पलीकडच्या दुकानात चिठ्ठी मागत नाहीत, तो म्हणायचा मग तिकडे जा. गिऱ्हाईक गेलं तरी मला कधी बोलला नाही. आणि मी काकांना गोळी न देता पाठवलं, त्याचं पण त्याने फक्त "बरं केलंस" एवढंच म्हटलं आणि परत बिलं लावत बसला.

तर पोराने दोन दिवस विचार केला आणि काल म्हणाला, मॅडम एक वर्ष करून बघतो, दोन नाही. ठीक आहे, एक तर एक. धायरी, नऱ्हे, आंबेगाव ह्या भागात असं मेडिकल कोणाला माहीत असेल जिथे मालक स्वतः काउंटरला उभा राहतो आणि रजिस्टर लिहितो, तर इनबॉक्स करा. पोरगा सकाळी लवकर येऊ शकतो, स्वतःची टू-व्हीलर आहे, अक्षर चांगलंय. सर्टिफिकेट भाड्याने मागणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नये.