रविवारचं तिकीट सगळेच काढतात

मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकल शर्यतींची सर्वांत वरच्या गटाची जागतिक स्पर्धा, बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा मी अगदी विचार करून जागा निवडली होती. मुख्य सरळ पट्ट्यासमोर, पिट लेनच्या, म्हणजे संघांच्या गॅरेजांसमोरच्या गल्लीच्या, पुढ्यात. स्टार्ट दिसणार, फिनिश दिसणार, पोडियम दिसणार, आणखी काय हवं? आणि तिकीट फक्त रविवारचं. शुक्रवार-शनिवार म्हणजे नुसता सराव, त्यासाठी कोण दोन दिवस उन्हात बसणार, असं माझं ठाम मत होतं. ही पोस्ट त्या वेळच्या मला झापण्यासाठी आहे, असं समजा.

हिशेबच मांडते. सरळ पट्ट्यावर या बाईक ताशी ३३०-३४० किलोमीटरने जातात. (इटलीतल्या मुजेलोला २०२३ साली ब्रॅड बाइंडर या रायडरने ३६६.१ गाठले होते, पण ती गोष्ट वेगळी.) म्हणजे सेकंदाला नव्वदहून जास्त मीटर. माझ्या खुर्चीतून धड दिसणारा रस्ता होता दोनेकशे मीटरचा. एक बाईक एका लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, दोन सेकंद. लॅप पंचवीस धरा. म्हणजे ज्या रायडरसाठी मी पहाटे उठून तीन तास आधी जाऊन बसले होते, त्याचं मला अख्ख्या रेसमध्ये मिनिटभरसुद्धा दर्शन झालं नाही. बाकीचा वेळ मी समोरच्या मोठ्या पडद्याकडे बघत होते. तो तर माझ्या घरीही आहे, आणि तिथे खुर्चीला पाठ असते.

रेस समजून घ्यायची असेल तर घरी थांबा, हे मी आता कुणालाही बिनदिक्कत सांगते. ट्रॅकवर रेस दिसत नाही. व्हॅलेन्सियासारखं एखादं सर्किट असतं, चारच किलोमीटरचं आणि वाडग्यासारखं, तिथे स्टँडवरून जवळपास सगळा ट्रॅक नजरेत येतो. एरवी तुमच्या वाट्याला येतं एक वळण. तिसरा असलेला पहिला कसा झाला हे तुम्हाला शेजाऱ्याच्या मोबाइलवरून कळतं, कारण लाउडस्पीकरवरचा निवेदक बाईक आल्या की ऐकू येत नाही, आणि लाखभर लोक एकाच वेळी तेच ॲप उघडतात म्हणून तुमचा स्वतःचा मोबाइल नुसता गरगर फिरत बसतो.

मग जायचं कशाला? तर ते एक वळण बघायला. आणि ते बघायचा खरा दिवस शुक्रवार.

शुक्रवारी स्टँड अर्धे रिकामे असतात. बऱ्याच सर्किटवर त्या दिवशी हवं तिथे बसू देतात, निदान गवताच्या उतारावर तरी कुणी हटकत नाही. सकाळी मोटोजीपीचा पाऊण तासाचा पहिला सराव, दुपारी तासाभराचा दुसरा, आणि मध्ये मोटो-३, मोटो-२ हे खालचे, लहान इंजिनांचे गट येऊन-जाऊन असतातच. म्हणजे दिवसभर ट्रॅकवर काही ना काही चालूच. मी दर सेशनला जागा बदलते. एकदा जोरात ब्रेक मारायच्या जागी, एकदा वळणाच्या पोटात, एकदा वळणातून बाहेर पडताना. दिवसाकाठी पायाचे तुकडे पडतात, बूट धड घाला.

ब्रेकची जागा आधी. साडेतीनशेच्या आसपास आलेली बाईक नव्वद-शंभरवर आणायची, तीही पाच-सहा सेकंदांत. टीव्हीवर हे समोरून, लांबच्या लेन्सने दाखवतात आणि सगळं चपटं होतं, जणू बाईक जागच्या जागी डुलतेय. बाजूला उभं राहून बघा. मागचं चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं, शेपूट एका बाजूला सटकलेली, रायडरचा आतला पाय फूटरेस्टवरून सुटून लोंबतोय. पाय असा सोडायची सवय जुना जगज्जेता व्हॅलेंटिनो रॉसीने रुळवली असं बहुतेक जण मानतात, आता सगळेच सोडतात. आणि हे करत असतानाच तो बाईक आडवी करायला सुरुवात करतो. माझ्यासारख्या बाईला, जी सिग्नलला दोन्ही पाय टेकवून उभी राहते, ते बघून पहिल्यांदा हसूच आलं. मेंदू ते खरं मानायलाच तयार नव्हता.

वळणाच्या पोटात साठ अंशांहून जास्त झुकलेली बाईक, गुडघा टेकलेला, कोपर टेकलेलं. हे फोटोत सगळ्यांनी पाहिलंय. फोटोत जे येत नाही ते बाहेर पडताना. एका शुक्रवारी गवतावर माझ्या शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून एक वयस्कर जोडपं बसलं होतं. मी आपली मान डावीकडून उजवीकडे फिरवत बाईक टिपायचा प्रयत्न करत होते. शेवटी त्या आजींना माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, बघू नकोस, ऐक. कोण कधी गॅस उघडतो ते ऐक.

ऐकलं. आणि खरंच, वीस-बावीस जणांचे वीस-बावीस आवाज होते. एक जण वळण संपायच्या कितीतरी आधी हळूच गॅस उघडायचा आणि आवाज एका दमात चढत जायचा. दुसरा उघडायचा, थांबायचा, पुन्हा उघडायचा. त्याच्या आवाजाला मध्येच खाच पडायची. तिसऱ्याचा इलेक्ट्रॉनिक्सने तुटक केलेला, अडखळल्यासारखा. संध्याकाळी वेळांचा तक्ता पाहिला तर एका दमात चढणारा वर होता आणि खाचवाला खाली. दोन दिवसांनंतरची रेस मला शुक्रवारी दुपारी अर्धी ऐकू आली होती. तीही डोळे मिटून.

आणखी एक गोष्ट कॅमेरा नीट दाखवत नाही. वळणातून सुटताना बाईकची मागची बाजू खाली बसते, कुत्र्याने बुड टेकावं तशी. पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून बाईकची उंची कमी करणारी ही करामत. २०२७ पासून तिच्यावर बंदी येतेय, त्याच वर्षी इंजिनंही १००० वरून ८५० सीसीवर येणार. त्यामुळे ज्यांना हे बुड टेकणं डोळ्यांनी बघायचंय त्यांनी फार लांबणीवर टाकू नये.

शुक्रवारच्या दुपारची शेवटची दहा मिनिटं तर मी कुठल्याही रविवारशी बदलणार नाही. या सेशनचे पहिले दहा जण थेट दुसऱ्या क्वालिफाइंगमध्ये (स्टार्टला कोण पुढे उभा राहणार हे ठरवणाऱ्या सेशनमध्ये) जातात, बाकीच्यांना शनिवारी सकाळी पहिल्या क्वालिफाइंगमधून धडपडत यावं लागतं, आणि तिथून दोघांनाच वर घेतात. त्यामुळे सगळे नवे सॉफ्ट टायर चढवून एकदमच बाहेर पडतात. कुणीतरी पडतो, पिवळे झेंडे निघतात, त्या भागातून गेलेल्या प्रत्येकाची ती लॅप रद्द. हेल्मेटमधून शिव्या ऐकू येत नाहीत, पण हाताचे हावभाव शंभर मीटरवरून कळतात. सेशन संपल्याचा झेंडा पडल्यावरही लगेच उठू नका. रायडर ट्रॅकवरच थांबून स्टार्टचा सराव करतात. इतकी मोकळी जागा, इतक्या जवळून, रविवारी मिळणार नाही.

शनिवारबद्दल माझं मत बदललं ते २०२४ च्या हंगामाने. २०२३ पासून शनिवारी दुपारी निम्म्या अंतराची छोटी रेस, म्हणजे स्प्रिंट, असते, पहिल्याला १२ गुण. रायडरांच्या हाडांची काळजी असलेले लोक या स्प्रिंटवर नाराज आहेत आणि त्यांचं पटतंही मला. पण प्रेक्षक म्हणून तिला दुय्यम मानणं आता परवडत नाही. २०२४ ला आदल्या दोन वर्षांचा जगज्जेता बान्यायाने रविवारच्या तब्बल ११ रेस जिंकल्या, हॉर्हे मार्टिनने ३. जगज्जेता कोण झाला? मार्टिन, १० गुणांनी. स्प्रिंटमधले विजय दोघांचे सारखेच, सात-सात, पण बान्यायाने पडून-झडून जे गुण घालवले ते मार्टिन निमूटपणे गोळा करत राहिला. फक्त रविवारी हजेरी लावणाऱ्याला हे गणित सुटायचंच नाही.

आणि रविवारीसुद्धा लोक येतात कधी? मोटोजीपीच्या तासभर आधी! मोटो-३ सुरू असताना निम्मा स्टँड अजून रांगेत असतो. अहो, तीच तर प्रेक्षकाची रेस. अडीचशे सीसीचं एक सिलिंडर, ताकद सगळ्यांची जवळजवळ सारखी, त्यामुळे एकमेकांच्या मागे हवेच्या आडोशाने सगळा घोळका एकत्र पळतो. या लॅपला तुमच्या समोरून पहिला गेलेला पोरगा पुढच्या लॅपला आठवा असतो. मोटोजीपीत पाच लॅपनंतर गाड्या बऱ्याचदा विखुरतात आणि तुमच्या वळणावर मिरवणूक सुरू होते. मोटो-३ ची पोरं तुमचे पैसे वसूल करून देतात.

आता जरा कडू बोलते. स्टँडमध्ये एक गोष्ट मला आजही सहन होत नाही. नावडता रायडर पडला की टाळ्या. अनेकदा जगज्जेता झालेला स्पॅनिश रायडर मार्क मार्केझ पडला की एक कोपरा उठून नाचतो. त्याला मुजेलोत, मिझानोत, इटलीतल्या या सर्किटांवर, हूट करणारे आहेतच, आपल्या माणसाची बाजू घेणं मी समजू शकते, पोडियमवरचा आरडाओरडाही एक वेळ सोडून देते. पण पडणं? टीव्हीवर पडणं म्हणजे रिप्ले. इथे आवाज येतो. सूट आणि हेल्मेट खडीवर घासत जाण्याचा, बाईक आपटत उलटण्याचा. सूटमधली एअरबॅग २०१८ पासून सक्तीची आहे आणि बहुतेक जण उठून, खडी झटकून, मार्शलच्या स्कूटरवर बसून निघून जातात. बहुतेक जण. मे २०२१ मध्ये मुजेलोला मोटो-३ च्या क्वालिफाइंगमध्ये एकोणीस वर्षांचा जेसन डुपास्किए पडला, मागून येणाऱ्यांना टाळता आलं नाही. रविवारी तो गेल्याची बातमी आली, मोटोजीपीच्या ग्रिडवर मिनिटभर शांतता पाळली आणि मग रेस झाली. ती व्हायला हवी होती का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण तेव्हापासून कुणीही पडलं की मी आधी मार्शलकडे बघते. केशरी कपड्यांतली ही माणसं बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक असतात. चालू ट्रॅकच्या कडेला धावत जाऊन ती आधी माणूस उचलतात, मग बाईक. टाळ्या वाजवायच्याच असतील तर त्यांच्यासाठी वाजवा.

हवामानाचं काय सांगू? २०२३ मध्ये आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर उन्हाचा असा कहर होता की मुख्य रेस २४ वरून २१ लॅपवर आणली. प्रेक्षकांचं बसणं कुणी कमी करत नाही. टोपी, पाणी आणि कानात घालायचे बोळे, एवढं तरी न्याच. बोळे न घालता मर्दुमकी दाखवणाऱ्यांचे कान मंगळवारपर्यंत वाजतात. पाऊस आला तर मात्र पळू नका. २०२५ ला फ्रान्समधल्या ल मान्सला रविवारी पाऊस लहरीसारखा येत-जात राहिला, टायर बदलण्यावरून सगळ्यांची त्रेधा उडाली, आणि जिंकला कोण, तर योहान झार्को. १९५४ नंतर सर्वांत वरच्या गटात घरच्या मैदानावर जिंकलेला पहिला फ्रेंच माणूस. त्या वीकेंडला तीन लाखांहून जास्त लोक आले होते. त्यातले जे पावसाला कंटाळून लवकर निघाले असतील ना, त्यांचा विचार करून मला अधूनमधून उगाच बरं वाटतं.

लवकर निघणाऱ्यांवरून आठवलं. रेस संपल्यावर पार्किंगमध्ये प्रत्येकाच्या अंगात मार्केझ संचारतो. दिवसभर ज्यांनी एअरबॅग, खडीचे पट्टे आणि हेलिकॉप्टर घेऊन पळणारी माणसं पाहिली, तेच चपला घालून, मागे बायको बसवून, गर्दीच्या रस्त्यावर बाईकचा कान पिळतात. म्हणून मी शेवटपर्यंत थांबते. तास-दीड तास सहज जातो, आणि काही सर्किटवर तेव्हा फाटक उघडून लोकांना ट्रॅकवर उतरू देतात.

मागच्या वेळी असंच उतरायला मिळालं. बहुतेक गर्दी पोडियमकडे पळाली, मी उलट दिशेने, शुक्रवारी जिथे आजींनी मला ऐकायला लावलं होतं त्या वळणाकडे चालत गेले. टीव्हीवर वर्षानुवर्षं ते वळण सपाट दिसायचं. प्रत्यक्षात तिथे चक्क चढ होता. मला धाप लागली! कडेला टायरच्या रबराच्या गोळ्या पडल्या होत्या, चपलेला चिकटत होत्या. (हो, बूट घाला म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी मीच चपला घातल्या होत्या.) आतल्या कर्बवर, म्हणजे वळणाच्या रंगीत कडेवर, रंग घासून गेलेला एक पट्टा होता, गुडघे आणि कोपरं जिथे टेकतात तिथे. खाली बसून त्यावर हात ठेवला. डांबर अजून गरम होतं. मग उगाचच, कुणी बघत नाहीये असं पाहून, मी त्या चढावर आडवी होऊन साठ अंशांतून जग कसं दिसतं ते बघायला लागले, तेवढ्यात लांबून मार्शलची शिट्टी वाजली.