धनुष्य हरलं ते माणूस घडवण्याच्या हिशोबात

बंदूक धनुष्यापेक्षा लांब आणि नेमकी मारायची म्हणून धनुष्य मागे पडलं, असं आपण सगळेच धरून चालतो. मला ते अजिबात पटत नाही. सुरुवातीच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या दोरीने बार काढायच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नव्हता. मिनिटाला एक, फार तर दोन बार निघायचे. तेवढ्यात कसलेला तिरंदाज आठ-दहा बाण सोडून मोकळा.

आमच्या तळकोकणात ठासणीची बंदूक अजून लोकांच्या माहितीची आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना. ती भरताना कधी जवळून बघा. नळीत मापाने दारू, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा, परत गज, शेवटी केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी. आणि केप ही तर 19व्या शतकातली सोय. त्याआधी कानावर, म्हणजे नळीच्या बारीक भोकाशी, रंजक म्हणजे चिमूटभर दारू घालायची आणि हातातल्या धुमसत्या जामगीने, म्हणजे दोरीने, ती पेटवायची, कमरेला दारू बांधलेली असताना! एवढी कटकट असूनही राजांनी आणि सरदारांनी हीच निवडली. का?

कारण ही सगळी कटकट एखादा धडधाकट शेतकऱ्याचा मुलगा काही आठवड्यांत शिकतो. तिरंदाज तसा होत नाही. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज 1545 साली बुडालं, 1982 मध्ये वर काढलं. त्यावरची धनुष्यं ओढायला साधारण 45 ते 80 किलोचा जोर लागत असावा, असा अंदाज आहे. तिथल्या काही सांगाड्यांच्या खांद्याच्या हाडांत लहानपणापासूनच्या ताणाच्या खुणा दिसतात. असा माणूस लढाईत पडला की त्याच्या जागी दुसरा यायला वीस वर्षं लागतात. शिवाय महिनाभर वेढ्यात अडकून, अर्धपोटी, हगवणीने खंगलेल्या तिरंदाजाच्या हातून धनुष्य पुरतं ओढलंच जात नाही. बंदुकीची गोळी मात्र चाप ओढणारा जेवलाय की उपाशी आहे हे बघत नाही. गोळीचा मारही जबर, बाणाच्या कितीतरी पट वेगाचा, चिलखत फोडणारा. तो मुद्दा मी नाकारत नाही, पण माझ्या मते तो दुसऱ्या नंबरचा.

बाण घडवण्याचंही तसंच. सरळ काडी, लोखंडी टोक, पिसं. इंग्लंडचा राजा पाचव्या हेन्रीने 1417 मध्ये प्रत्येक हंसामागे सहा पिसं गोळा करायचा हुकूम सोडला होता. शिशाची गोळी साच्यात ओतली की झाली, आणि शिपायाच्या पिशवीत कितीतरी मावतात.

आता कुणी म्हणेल, आमच्या कोकणच्या पावसात दारू कुठली पेटायला? खरं आहे. पण धनुष्य तरी कुठे टिकतं? मोगली पद्धतीचं धनुष्य शिंग, स्नायू आणि सरस यांचं. दमट हवेत सरसच सैल पडतो. दारूला निदान उपाय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभाराच्या ग्रंथात, किल्ल्याच्या हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावं, असं बजावलेलं आहे. पावसाळाभर मोहिमा बंद आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, त्यामुळे ओली दारू ही अडचण होती, पण निकाल फिरवणारी नव्हती.

1776 साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, तिथला नेता बेंजामिन फ्रँकलिनने आपल्याच बाजूच्या जनरल चार्ल्स ली यांना पत्रातून धनुष्यबाण परत आणायचं सुचवलं होतं. एका गोळीच्या वेळात चार बाण सुटतात आणि डोळ्यांसमोर धूर येत नाही, हे त्याचे मुद्दे. दोन्ही बरोबर. पण तोवर धनुष्य ओढणारे खांदे आणायचे कुठून?

किल्ले दाखवणाऱ्या आपल्या गाइड मुलांना एक विनंती आहे. विजयदुर्गला, सिंधुदुर्गला तटातल्या जंग्या, म्हणजे आतून बंदूक झाडायची उतरती भोकं, नुसत्या लांबून बोट दाखवून पुढे जाऊ नका. पर्यटकाला जंगीच्या आतल्या बाजूला उभं करा, डावा हात पुरा लांबवून उजवा कानापर्यंत ओढायला सांगा, तेही खाली पायथ्याशी आलेल्या शत्रूवर. मग तिथेच बंदूक समजून एक काठी खांद्याला लावून त्या उतरत्या भोकातून बाहेर काढायला सांगा.