एकसंध पाड थाय

त्या रात्री घरी स्वयंपाक करायचा नाही, असे आदल्या दिवशीच ठरले होते. थाय उपाहारगृहातून पार्सल मागवण्याची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली आणि ती नीट पार पाडता यावी म्हणून दोन तास वाचन केले. (जेवण मागवण्यापूर्वी अभ्यास करणारा माणूस घरात असणे ही कोणत्या प्रकारची आपत्ती आहे, याविषयी माझ्या पत्नीचे स्वतंत्र मत आहे.) ऑर्डर देताना 'भरपूर तिखट' असे मी दोनदा बजावले आणि पार्सल येईपर्यंतच्या पाऊण तासात, उपाशी असल्यामुळे कुठेही जाऊ न शकणाऱ्या माझ्या कुटुंबाला ते सारे ज्ञान वाटून टाकले.

थाय स्वयंपाकात आंबट, खारट, गोड आणि तिखट यांचा तोल सांभाळलेला असतो. पाड थायमध्ये, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या नूडल्समध्ये, आंबटपणा चिंचेचा, खारटपणा फिश सॉसचा आणि गोडवा ताडगुळाचा. 1939 मध्ये सयामचे नाव बदलून थायलंड करणाऱ्या प्लेक फिबुनसोंगक्राम यांच्या सरकारने राष्ट्र एक करण्याच्या खटपटीत नूडल्स खाण्याचा जोरदार पुरस्कार केला आणि त्याच काळात पाड थाय देशभर रुजला, इथवर मी आलो तेव्हा पत्नी म्हणाली, "म्हणजे सरकारी योजनाच की!" तिच्या स्वरातला इशारा मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

डबा उघडला तेव्हा राष्ट्रीय एकतेचा तो संदेश त्या नूडल्सनी किती मनावर घेतला आहे, हे कळले. एक टोक धरून उचलावे तर डब्याच्या आकाराची अखंड वीट, चारही कोपरे शाबूत ठेवून, सावकाश वर आली. तांदळाचे नूडल्स गार होऊ लागले की त्यांतला स्टार्च घट्ट होत जातो आणि बंद डब्यातली वाफ झाकणाला लागून पाणी होऊन पुन्हा खालीच टपकते. त्यामुळे विटेचा गाभा टणक, पृष्ठभाग ओलसर आणि वर पेरलेला शेंगदाण्याचा कूट पावसात सापडल्यासारखा झाला होता. "बाबा, सुरी आणू का?" असे मुलीने अत्यंत गांभीर्याने विचारले आणि मीही तितक्याच गांभीर्याने "आण" म्हणालो. सोबत लिंबाची एक फोड होती, पण ती पिळताना जो काही ओलावा निर्माण झाला, तो माझ्या कपाळावर. थायलंडमध्ये जेवताना चमचा आणि काटा वापरतात, चॉपस्टिक मुख्यतः नूडल्सच्या सूपसाठी असतात, हेही मी सर्वांना सांगून ठेवले होते. आम्हा तिघांसाठी चॉपस्टिकचा एक जोड आला होता.

हिरव्या करीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिचा रंग ताज्या हिरव्या मिरच्यांतून येतो असे मी वाचले होते; आमच्या करीच्या बाबतीत मात्र मिरचीवर तसा आळ घेणे अन्यायाचे ठरेल.

खरी भिस्त होती ती तोम याम कुंग या कोळंबीच्या सूपवर. 2024 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला आहे, आणि 'अमूर्त' हा शब्द किती विचारपूर्वक योजला आहे, हे मला पिशवी उचलताच समजले, कारण सूपचा तीन चतुर्थांश भाग डब्यातून निघून पिशवीत, पिशवीतून भाताच्या डब्याखाली आणि तिथून माझ्या पायजम्यावर पोहोचला होता. डब्यात मागे राहिले ते गवती चहाचे दांडे, गलांगल या आल्यासारख्या कंदाच्या चकत्या आणि मकरूत लिंबाची पाने. हे जिन्नस सूपला स्वाद यावा म्हणून घालतात. ते चावून खायचे नसतात. म्हणजे जे खायचे नसते, ते सगळे सुखरूप आले होते. कोळंबी एकच होती. ती मुलीला देण्यात आली, तिने ती आईला दिली, आईने माझ्याकडे सरकवली. या घरात इतके औदार्य मी पूर्वी पाहिले नव्हते.

शेवटी मी विटेचा एक तुकडा तोंडात टाकला. चार चवींपैकी गोड चव तत्काळ हजर झाली. उरलेल्या तिघींची मी बराच वेळ वाट पाहिली, चावणेही त्यासाठी पुरेसे लांबत होते, परंतु घास संपेपर्यंत दुसरे कोणीही आले नाही.

मग मी उपाहारगृहाला फोन केला आणि सूप, चॉपस्टिक वगैरे किरकोळ बाबी सोडून देऊन फक्त चवीबद्दल विचारले. पलीकडच्या गृहस्थांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि अतिशय आदराने समजावले की, थाय पद्धतीत नूडल्स चाखून पाहून वरून साखर, फिश सॉस, मिरचीपूड आणि मिरच्या घातलेला व्हिनेगर ज्याचा त्याने आपल्या आवडीप्रमाणे घालून घ्यायचा असतो, आणि त्यासाठीच्या पुड्या पिशवीच्या तळाशी आठवणीने ठेवलेल्या आहेत. हे तर मीही वाचले होते, आणि सांगायचेच राहून गेले होते! मी फोन न ठेवताच सूपमध्ये भिजलेल्या त्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. दोन पुड्या सापडल्या. पुसून, दिव्याखाली धरून पाहिल्या, फोडल्या, चाखल्या.

दोन्हींत साखर होती.