खोट्या कागदाची शिक्षा पोराला, एजंट मोकळा

परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी उघडायला आपल्याकडे काय लागतं? शॉप ॲक्टची नोंदणी, एक गाळा आणि झेंड्यांचे फोटो लावलेला बोर्ड, बस. औषधाचं दुकान टाकायचं तर फार्मासिस्ट लागतो, पण एखाद्या घराचे वीस-पंचवीस लाख आणि पोराची पुढची दहा वर्षं कुठे लावायची हे सांगणाऱ्या माणसाला कसलीच परीक्षा नाही, लायसन नाही. आमच्या नाशिकात कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड फिरून बघा किती बोर्ड झालेत ते.

मी एका सीए ऑफिसात काम करते आणि व्हिसासाठी नेटवर्थ सर्टिफिकेट (मालमत्तेतून कर्ज वजा जाता किती उरतं याचा सीएचा दाखला) करायला येणाऱ्या पालकांशी माझंच बोलणं होतं, म्हणून हे लिहितेय. आमच्याकडे निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे शेतकरी खूप येतात. सातबाऱ्यावर द्राक्षबाग असते, बाजारभावाने किंमत काढली तर कोटीत जाते, पण एज्युकेशन लोनला बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, त्यांना फ्लॅट, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा एफडी पाहिजे. आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे बऱ्याच जणांनी आयुष्यात रिटर्न भरलेलं नसतं. म्हणजे माणूस खरोखर सधन आहे पण व्हिसा ऑफिसरला दाखवायला त्याच्याकडे कागद नाही. एजंट बरोबर या जागी शिरतो. "फंड आम्ही दाखवतो काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका." व्याजाने कुणाचे तरी पैसे आणून खात्यात ठेवायचे, बँकेचं लेटर घ्यायचं, काम झालं की पैसे परत. नाहीतर मग आमच्याकडे निरोप येतो, ताई, मागच्या वर्षांची रिटर्न भरून द्या, उत्पन्नाचा आकडा एजंट सांगेल. आम्ही असलं काम घेत नाही. पण आम्ही नाही म्हटलं की ते काका दुसरीकडे जातात हेही मला माहितीये, कारण ते बिचारे घाबरलेले असतात, पोरीची ॲडमिशन हातची जाईल म्हणून.

आता हे पकडलं गेलं तर काय होतं ते नीट वाचा. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं बंदी आहे. यूकेत फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षांपर्यंत. अमेरिकेत तर कायमची, नंतर व्हिसा हवा असेल तर माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मिळेलच असं नाही. ही सगळी शिक्षा कुणाला? अर्जावर ज्याची सही आहे त्याला. म्हणजे २१-२२ वर्षांच्या पोराला, ज्याने बऱ्याचदा पूर्ण फाईल बघितलेलीही नसते, कारण पोर्टलवर ईमेल आयडी एजंटचा, फोन नंबर एजंटचा, पासवर्ड पण एजंटकडे. २०२३ मध्ये हेच झालं, पंजाबमधून कॅनडाला गेलेल्या कितीतरी मुलांची कॉलेजची ॲडमिशन लेटरं बनावट निघाली, काहींचं तर शिक्षण पूर्ण होऊन नोकरी चालू होती, पीआरचा (कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज केला तेव्हा हे बाहेर आलं आणि डिपोर्टेशनच्या नोटिसा आल्या. खूप आरडाओरडा झाल्यावर जी मुलं खरंच शिकायला आली होती त्यांना तात्पुरतं परमिट देऊ असं कॅनडा सरकारने म्हटलं, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरपासून प्रत्येक लेटर थेट कॉलेजकडून तपासायला सुरुवात केली.

आणि कागद सगळे खरे असले तरी सल्ला खरा असेल याची खात्री नाहीच. कन्सल्टन्सी "फ्री" असते ती का, तर परदेशी कॉलेज त्यांना ॲडमिशनमागे कमिशन देतं. जिथे कमिशन जास्त तिथे पोरगं ढकलायचं. कॅनडाने १५ मे २०२४ पासून सरकारी कॉलेजचा कोर्स खासगी कॉलेजात चालवला जातो तिथे नव्याने जाणाऱ्यांचं शिक्षणानंतरचं वर्क परमिट बंद केलं, १ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्या डिप्लोमावाल्यांना ठराविक विषयांनाच ते मिळतं, खात्यात दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरची २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. ज्या पालकाला "दोन वर्षांचा डिप्लोमा, मग वर्क परमिट, मग पीआर" असं सांगून पैसे घेतले त्याला हे बदल कोण समजावून सांगणार? अमेरिकेचंही तसंच. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) वर १ लाख डॉलर फी लागली म्हटल्यावर घराघरात रडारड, पण तिथेच शिकून तिथल्या तिथे एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) वरून एच-वन-बी वर जाणाऱ्याला ती लागत नाही असा खुलासा ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. लॉटरी मात्र आहेच, ८५,००० जागांसाठी. एवढं साधं, दोन्ही बाजूंनी सांगणारा माणूस पाहिजे.

आपला कायदा १९८३ चा, इमिग्रेशन नाही, एमिग्रेशन ॲक्ट, म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्यांसाठीचा. त्यात परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी सक्तीची आहे, त्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घ्यायची, आणि नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणीही बघू शकतं. म्हणजे आखातात प्लंबर म्हणून जाणाऱ्याला निदान कागदावर तरी संरक्षण आहे, विद्यार्थ्याला तेवढंही नाही. या कायद्याच्या जागी नवीन ओव्हरसीज मोबिलिटी विधेयकाचा मसुदा २०२५ मध्ये आला, त्यात विद्यार्थी पाठवणाऱ्या कन्सल्टन्सी स्पष्ट शब्दात आल्याच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. आणि केंद्राची वाट बघत बसायचीही गरज नाही. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला, ट्रॅव्हल एजंटपासून आयईएल्ट्सच्या (इंग्रजीच्या परीक्षेच्या) क्लासपर्यंत सगळ्यांना लायसन लावलं. हरियाणाने २०२५ मध्ये केला.

कुणी म्हणेल पंजाबात कायदा असून फसवणूक थांबली का? नाही थांबली, कबूल. पण तिथे विनालायसन माणसावर तेवढ्या एका कारणाने गुन्हा दाखल करता येतो, आपल्याकडे आधी फसवणूक सिद्ध करत बसा, तीही पावती रोखीची आणि "फाईल चार्जेस" एवढंच लिहिलेलं असताना.

पासपोर्टची पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात, केवढा बंदोबस्त असतो तिथे, एकेका पुस्तिकेचा हिशोब. आणि त्याच पासपोर्टवर व्हिसा मिळवून देतो म्हणणाऱ्याचा कुणाकडेच हिशोब नाही, हे मला सहन होत नाही. महाराष्ट्रात लायसन पाहिजे, कुठल्या कॉलेजकडून कमिशन मिळतं ते लेखी सांगणं सक्तीचं पाहिजे, आणि खोटा कागद एजंटने लावला असेल तर पहिला गुन्हा त्याच्यावर पाहिजे. नाशिकच्या आमदारांना मी हे लेखी देणार आहे, ज्यांना सोबत सही करायची त्यांनी इनबॉक्सला या.

तोपर्यंत, ज्यांच्या फाईली आत्ता चालू आहेत त्यांनी एवढं करा. अर्जात ईमेल आणि फोन मुलाचाच टाका, सबमिट करायच्या आधी पूर्ण पीडीएफ घरी आणून वाचा, पैसे चेकने किंवा ऑनलाईन द्या. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस वकील नसेल तर त्याचं नाव तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंट कॉलेजच्या रजिस्टरमध्ये शोधा, ते रजिस्टर ऑनलाईन फुकट बघता येतं. आणि नेटवर्थ सर्टिफिकेट केलं असेल तर त्यावरचा यूडीआयएन नंबर (प्रत्येक सर्टिफिकेटचा वेगळा ओळख क्रमांक) आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, साईटवर टाकून बघा, खोटं असेल तर तिथेच कळतं.